पाच रात्री घरचं साधं ताट

मिल्टन कीन्समध्ये संसार मांडलेल्या प्रत्येक मराठी घराला माझी एक विनंती आहे. सोमवार ते शुक्रवार, आठवड्याच्या पाच रात्री, घरी शिजवलेलं साधं शाकाहारी जेवण सगळ्यांनी एकत्र बसून जेवा. ताटात फार पदार्थ नकोत. वरण-भात आणि एक भाजी, किंवा उसळ-पोळी, किंवा खिचडी-कढी, सोबत काहीतरी कच्चं आणि वाटीभर दही. एवढं पुरे.

चौदा वर्षं मी या गावात स्वयंपाक करते आहे. नव्याने आलेली कितीतरी कुटुंबं माझ्या ओट्याशी उभी राहून बोलून गेली. बोलणं नोकरीवरून, शाळांवरून, घरभाड्यावरून सुरू होतं आणि शेवटी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतं, "रोज काय करायचं हो ताई?" विचारणाऱ्यांना स्वयंपाक येत नाही असं नाही. शनिवारी याच घरांत वीस माणसांची पावभाजी, छोले, मसालेभात, गुलाबजाम सगळं निगुतीनं होतं. सोमवारी मात्र त्याच ओट्यावर पिझ्झ्याचा खोका असतो. मंगळवारी फ्रोझन पराठे, बुधवारी पास्ता आणि बाटलीतला सॉस, गुरुवारी शनिवारचे उरलेले छोले. एखाद्या आठवड्यात असं व्हायचंच. पण महिनोन्महिने हेच चाललं की लेकरांच्या जिभेला वरणाची ओळख राहत नाही. उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, आजी हौसेनं साधं वरण, तूप, लिंबू वाढते आणि नातू ताट बाजूला सारतो. तिचा उतरलेला चेहरा मी दोन-तीन घरांत पाहिला आहे.

दोष कुणाला देत नाही. लंडनला नोकरी असेल तर युस्टनहून सुटलेली जलद गाडी अर्ध्या-पाऊण तासात इथे पोचवते, पण दारापासून दारापर्यंतचा प्रवास दीड तासाचा होतो. शाळेनंतरच्या क्लबमधून मुलांना सहाच्या आत घ्यायचं असतं. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो आणि अंधार पडला की अर्धा उत्साह तिथेच संपतो. अशा वेळी 'घरचं जेवण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आईचं भरलेलं ताट येतं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद, वर पोळ्या. ते रोज होणं शक्य नसतं. मग आपण काहीच करत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की ताट लहान करा. लहान ताटच रोज वाढता येतं.

आपल्या आधीची माणसं

परदेशी साधं शिजवून जेवायचं हे आपल्या पिढीला नवीन नाही. १८८८ मध्ये लंडनला शिकायला आलेल्या मोहनदास गांधींना सुरुवातीला पोटभर जेवण मिळेना. घरमालकिणीला शाकाहारी माणसाला काय वाढावं ते कळत नव्हतं. भटकता भटकता त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर 'सेंट्रल' नावाचं शाकाहारी उपाहारगृह सापडलं. पुढे त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली, एक स्टोव्ह विकत घेतला आणि सकाळचं ओटचं पॉरिज नि कोको स्वतः करायला लागले. आत्मकथेत ते लिहितात की या स्वयंपाकाला त्यांना वीसेक मिनिटं लागत. शाकाहाराचा प्रचार करणारी इंग्रजांची व्हेजिटेरियन सोसायटी त्याआधीच, १८४७ मध्ये, रॅम्सगेटला स्थापन झाली होती आणि ती आजही काम करते. तेव्हा शाकाहारी म्हणून इथे संकोचायचं काही कारण नाही. हा विचार या देशातही जुनाच आहे.

दुसरी आठवण कमलाबाई ओगल्यांची. त्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झालं आणि लग्न होऊन परगावी, परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत ते जाऊन बसलं. त्यांनी मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. 'अंदाजानं घाल' म्हणणारी सासू किंवा आई जवळ नसेल, तरी पदार्थ नीट व्हावा ही काळजी त्या मापांमागे होती. तीच पद्धत धरा. घरातली एक ठरावीक वाटी माप म्हणून बाजूला काढा. चार माणसांच्या वरण-भाताला दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ. हे एकदा डोक्यात बसलं की रोज विचार करावा लागत नाही. थकवा हाताला कमी येतो, ठरवण्याचा जास्त येतो.

सहा ते पावणेसात

आता एका संध्याकाळचा हिशोब मांडते, कारण 'वेळ नाही' हे सगळ्यात मोठं कारण सांगितलं जातं.

सकाळी निघताना पाऊण वाटी तूरडाळ धुऊन, बुडेल एवढ्या पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली आहे. सहा वाजता घरात शिरल्यावर आधी केटल लावा आणि तांदूळ धुवा. सहा वाजून दहा मिनिटांनी कुकर चढवा. खालच्या भांड्यात डाळ, तिच्या अडीचपट पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चमचाभर तेल. वरच्या भांड्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी. भांड्यांत आणि कुकरच्या तळाला केटलमधलंच गरम पाणी घातलं की शिट्टी लवकर होते. चार शिट्ट्या झाल्या की आच बंद.

कुकर आपलं काम करत असताना अर्धा कोबी बारीक चिरून होतो. चमचाभर तेल, मोहरी, हळद, एक हिरवी मिरची, मूठभर फ्रोझन वाटाणे, वर कोबी, झाकण. दहा मिनिटांत भाजी तयार. तोवर घरातलं कुणीतरी गाजर किसतं, त्यात लिंबू, मीठ आणि किंचित साखर. साडेसहाला कुकरची वाफ आपोआप जिरलेली असते. डाळ घोटा, मीठ घाला, एक उकळी येऊ द्या. पावणेसातला ताटं वाढलेली. मागवलेलं जेवण दाराशी यायलाही एवढाच वेळ लागतो.

एक नियम मात्र पाळा. ज्या दिवशी भात, त्या दिवशी पोळ्या नाहीत. ज्या दिवशी पोळ्या, त्या दिवशी भात नाही. दोन्हींचा हट्ट धरला की स्वयंपाक दीड तासावर जातो आणि दुसऱ्या दिवशी तो होतच नाही.

भारतातून येताना कुकर आणणार असाल तर तळ बघून आणा. अॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही. इथल्या पुष्कळ घरांत आता इंडक्शनच असतं, तेव्हा सपाट तळाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर आणा. शिट्टी आणि रबराच्या रिंगा जोडीला जास्तीच्या ठेवा. फोडणीला घाबरून लोक स्वयंपाक टाळतात, कारण स्मोक अलार्म वाजतो आणि कोटांना वास लागतो. आधी एक्स्ट्रॅक्टर पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, कोट वरच्या मजल्यावर न्या. तेल धुरावेपर्यंत तापवू नका. मध्यम आचेवरही मोहरी तडतडते. आणि अलार्मची बॅटरी कधीही काढून ठेवू नका.

इथलं पाणी आणि आपली डाळ

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पुण्याचं एक तरुण जोडपं राहायला आलं. पहिल्याच आठवड्यात ती मुलगी हातात भांडं घेऊन माझ्या दाराशी आली. आठ शिट्ट्या करूनही तुरीचा दाणा न् दाणा वेगळा होता, वर पिवळं पाणी तरंगत होतं. "काकू, डाळ जुनी दिली का हो दुकानदाराने?" तिचे डोळे भरून आले होते. परक्या गावात डाळसुद्धा शिजू नये, याचं दुःख डाळीपेक्षा मोठं असतं.

मी तिला माझी केटल उघडून दाखवली. आतून पांढऱ्या खपल्या धरलेल्या. मिल्टन कीन्सचं पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, आणि हे क्षार डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात. म्हणून डाळ फुलत नाही, फुटत नाही. डाळही जुनी असेल तर आणखी अवघड. उपाय सोपे आहेत. तूरडाळ किमान तासभर, जमलं तर दिवसभर भिजवा. गाळणीच्या जगमधलं पाणी शिजवायला वापरा. चिंच, अमसूल, टोमॅटो असलं आंबट डाळ पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आंबटानंही डाळ आखडते. घाईच्या दिवशी तुरीऐवजी मुगाची किंवा मसुराची डाळ घ्या, त्या न भिजवताही शिजतात. खाण्याचा सोडा फक्त चणे-छोल्यांना, तोही चिमटीभर. जास्त घातला तर चव बिघडते आणि ब जीवनसत्त्वही जातं.

त्या दिवशी तिची ती डाळ मी गाळणीच्या पाण्यात पुन्हा चढवली. शिट्टी झाल्यावर तिनं झाकण उघडलं, पळीनं दोनदा फिरवलं आणि वरण एकजीव झालं. आता नव्यानं येणाऱ्यांना ती हेच सांगते.

एक इशारा इथेच देते. इथे पुष्कळ घरांत स्लो कुकर असतो. राजमा कच्चा त्यात घालू नका. राजम्यात एक विषारी घटक असतो आणि तो मंद आचेवर नष्ट होत नाही. राजमा रात्रभर भिजवा, पाणी फेका, मग ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. त्यानंतर हवा तिथे शिजवा.

पाच रात्रींची घडी

सोमवारचं वरण-भात वर आलंच. मंगळवारी उसळ-पोळी. मटकी किंवा मूग रविवारी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधा. इथल्या थंडीत मोड येत नाहीत असं सगळे म्हणतात. गरम पाण्याची टाकी असलेलं एअरिंग कपाट घरात असेल तर गाठोडं तिथे ठेवा, नसेल तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. मंगळवारपर्यंत बोटभर मोड येतात. दह्याचं विरजणही त्याच दिव्याच्या उबेला रात्रभरात लागतं. विरजणाला दुकानातलं साधं, जिवंत जिवाणू असलेलं दही घ्या. पोळ्यांची कणीक आदल्या रात्री भिजवून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर आठ पोळ्यांना वीस मिनिटं लागतात.

बुधवारी मुगाची खिचडी आणि कढी. आठवड्याच्या मध्यावर माणूस सगळ्यात थकलेला असतो, तेव्हा एका कुकरचं जेवण असावं. एक वाटी तांदळाला अर्धी वाटी मूगडाळ, हळद, जिरं, हवं तर चमचाभर गोडा मसाला. कढीला आंबट दही आणि चमचाभर बेसन.

गुरुवारी पिठलं-भाकरी. एका वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, लसूण-मिरचीची फोडणी, आणि दहा मिनिटांत पिठलं. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ बहुधा जुनं असतं, त्याला चिकटपणा राहत नाही. म्हणून उकळतं पाणी घालून झाकून ठेवा, कोमट झाल्यावर मळा, मग भाकरी तुटत नाही. तेवढंही होत नसेल त्या दिवशी पिठलं भाताबरोबर खा.

शुक्रवारी थालीपीठ आणि दही. भाजणी घरून आणलेली असेल तर उत्तम. नसेल तर ज्वारी, बेसन आणि गव्हाचं पीठ समभाग घ्या, धने-जिरे पूड घाला. त्यात कांदा आणि किसलेलं कुर्जेट मिसळा. ते दुधीसारखंच लागतं.

भात उरला तर काळजी घ्या. शिजलेला भात तासनतास बाहेर राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. तासाभरात गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी चांगला वाफाळेपर्यंत गरम करून फोडणीचा भात संपवा.

इथल्या मातीतलं, आपल्या हातातलं

आपली भाजी मिळत नाही ही तक्रार सोडा. भेंडी, तोंडली, कारली विमानानं येतात, महाग पडतात आणि शिळी असतात. ती सणावाराला आणा. रोजच्यासाठी जवळच्या दुकानात किंवा शहराच्या मध्यभागातल्या बाजारात जे हंगामी दिसेल ते उचला आणि त्याला आपली फोडणी द्या.

लीकची पीठ पेरून भाजी कांद्याच्या पातीसारखी होते. फक्त उभी चिरून थरांमधली माती नीट धुवा. ब्रसल्स स्प्राउट्स हा लहानसा कोबीच आहे. पातळ चिरून, मोहरी-खोबरं घालून परता. नाताळात त्यांना नावं ठेवणारी मुलं ही भाजी मागून घेतात. बटरनट स्क्वॉशचं लाल भोपळ्यासारखं दह्यातलं भरीत होतं. स्प्रिंग ग्रीन्स आणि केल मुगाच्या डाळीत घालून शिजवा. वसंतात रुबार्बच्या दांड्या मिळतात. आंबट चुक्याच्या जागी दोन इंच दांडी शिजलेल्या डाळीत घालून बघा. पानं मात्र खाऊ नका, ती विषारी असतात. कैरीची आठवण झाली तर शरद ऋतूत येणारं ब्रॅमली सफरचंद घ्या. ते इतकं आंबट असतं की मेथी-मोहरीचं झटपट लोणचं त्याचं सुरेख होतं. कढीपत्ता एकदाच जास्त आणा, धुऊन, कोरडा करून फ्रीझरमध्ये ठेवा. मेथीदाणे खिडकीतल्या कुंडीत पेरले तर तीन-चार आठवड्यांत मेथी खुडता येते.

महिन्याचा किराणा मात्र एका फेरीत भरा. या गावाची आखणी १९६७ मध्ये सुरू झाली ती मोटारी धरून. एकमेकांना छेदणारे मोठे रस्ते आणि चौकाचौकांत गोलाकार वळणं. ऐनवेळी हिंग संपला म्हणून सहज चालत जाऊन आणता येईल असं दुकान प्रत्येक वस्तीत नाही. तूर, मूग, मसूर, मटकी, बेसन, कणीक, तांदूळ, ज्वारीचं पीठ, पोहे, रवा, गूळ, अमसूल, फ्रोझन ओलं खोबरं आणि वाटाणे. एवढं घरात असलं की पाचही रात्री जेवण होतं, मग बाहेर बर्फ पडो की पाऊस.

मुलांचा डबा

माझा मुलगा शाळेच्या पहिल्याच वर्गात होता तेव्हा मी त्याला डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती, कूट घातलेली. दुपारी शाळेतून फोन आला. त्याच्या वर्गात शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेलं मूल होतं. शाळेनं सूचना आधीच दिली होती, मीच ती नीट वाचली नव्हती. कुणाला काही झालं नाही, पण ती रात्र मी झोपले नाही. आपल्याकडे कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळ्यात कूट असतं, त्यामुळे आपल्याला ते 'घातलं' हेही लक्षात राहत नाही. इथल्या पुष्कळ शाळांत दाणे पूर्ण बंद आहेत. डब्यातल्या पदार्थाला कुटाऐवजी भाजलेल्या डाळ्यांची पूड किंवा ओलं खोबरं वापरा. तिळाचीही अॅलर्जी असते. या देशात ज्या चौदा पदार्थांची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे, त्यांत दाणे आणि तीळ दोन्ही आहेत. म्हणून शाळेला विचारूनच तिळाची चटणी द्या. डब्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, इडली, भाजीचं धिरडं, पोळीचा गूळ-तूप लावून केलेला रोल, हे सगळं सुरक्षितपणे करता येतं.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून शाळेच्या पहिल्या तीन वर्गांतल्या मुलांना सरकारी शाळेत दुपारचं जेवण मोफत मिळतं. ते घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त शाकाहारी म्हणजे काय ते स्पष्ट सांगा. जिलेटिन काही गोळ्या-जेलींत आणि काही दह्यांत असतं. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं लावलेलं असतं. मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या क्वॉर्नच्या कित्येक पदार्थांत अंड्याचा पांढरा बलक असतो. पाकीट उलटून वाचायची सवय मुलांनाही लावा.

शरीराची गोष्ट

साधं जेवण पौष्टिक असतंच, पण इथे काही गोष्टी जाणून कराव्या लागतात. डाळ आणि भात एकत्र खाण्यात मोठं शहाणपण आहे. तांदळात लायसिन कमी असतं ते डाळ पुरवते, डाळीत मेथिओनिन कमी असतं ते तांदूळ पुरवतो. पण ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचे दोन थेंब असं झालं तर उपयोग नाही. दक्षिण आशियाई माणसांना मधुमेह लवकर आणि कमी वजनावरही होतो. इथली आरोग्यसेवा आपल्यासाठी वजनाच्या धोक्याची रेषाही खालची धरते. बॉडी मास इंडेक्स २३ झाला की सावध व्हायचं. म्हणून भात एक मूद, वरण आणि भाजी भरपूर.

ऊन कमी म्हणून ड जीवनसत्त्व कमी. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा असा सल्ला इथे सगळ्यांना आहे, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांना तो वर्षभरासाठी आहे. ब-१२ शाकाहारी जेवणात मुख्यतः दूध-दह्यातून येतं. थकवा, हातापायांना मुंग्या असं काही जाणवत असेल तर जीपीकडे जाऊन रक्त तपासून घ्या. लोहासाठी डाळी-पालेभाज्यांवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही.

सगळ्यांचे हात

हे पाच रात्रींचं ताट घरातल्या बाईच्या एकटीच्या खांद्यावर टाकायचं असेल, तर माझी विनंती मी मागे घेते. तीही सकाळी त्याच गाडीनं कामाला गेलेली असते. नोकरीसाठी घर सोडून आलेले कितीतरी पुरुष एकटे असताना उत्तम खिचडी करत होते. लग्नानंतर ती त्यांनी विसरायचं काही कारण नाही. कुकर लावणं, कणीक भिजवणं, भांडी लावणं, भाजी चिरणं वाटून घ्या. ज्याचा घरून कामाचा दिवस असेल त्यानं त्या दिवशीचा स्वयंपाक करावा.

मुलांनाही ओट्याशी बोलवा. माझी मुलगी सात वर्षांची असल्यापासून काकडी कोचवते आणि कोशिंबीर तिच्याच नावावर असते. पहिल्यांदा तिनं मीठ दोनदा घातलं होतं. आम्ही सगळ्यांनी दही जास्त घालून ती संपवली. आता ती चव न घेता मीठ घालत नाही. जी भाजी मूल स्वतः धुतं, निवडतं, चिरतं, ती ते बहुधा खातंच. आणि मराठी शब्दही तिथेच टिकतात. झारा, पळी, चिमटा, उलथनं, रवी, मिसळणाचा डबा, लाटी, उंडा, मोड, विरजण हे शब्द कुठल्याही रविवारच्या वर्गात शिकवून येत नाहीत. ते हाताला लागतात तेव्हाच येतात.

म्हणून पुन्हा सांगते. येत्या सोमवारपासून सुरुवात करा. रविवारी रात्री झोपण्याआधी पाऊण वाटी तूरडाळ धुऊन भिजत घाला. सोमवारी संध्याकाळी फोन आणि टीव्ही बाजूला ठेवा, चार ताटं मांडा, गरम वरण-भातावर तूप सोडा आणि सगळे एकाच वेळी जेवायला बसा. पहिल्या आठवड्यात पाच रात्री जमल्या नाहीत तर तीन करा. पुढच्या आठवड्यात चार होतील. मूल पहिल्या दिवशी नाक मुरडेल, त्याला रागावू नका, दोन घास त्याच्या पानात वाढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढा. महिनाभरात ते स्वतःहून विचारेल, "आज वरण आहे ना?" त्या दिवशी तुमच्या घरी जेवायला कुणी पाहुणा नसला तरी चालेल. घरची चार माणसं पोटभर जेवलेली असतील.